वाढत्या अंगाचं

पेनांगच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
आमचं कागदी कपड्यांचं दुकान.
बांबूच्या कामट्या, तांदळाची खळ, रंगीत ताव.
सातव्या महिन्यात तिकडची दारं उघडतात,
तेव्हा आम्हाला जेवायलाही फुरसत नसते.
मेलेल्यांचे सदरे, मेलेल्यांच्या सपाता,
हल्ली मेलेल्यांचे मोबाइलसुद्धा,
चार्जरसकट.

साव ग्योक लान दरवर्षी यायची
जुळ्यांतल्या एकाचं मनगट घट्ट धरून.
दुसरा सातव्या वर्षी
धक्क्यावरून पाय घसरून गेला.
बाबा गळ्यातली टेप काढायचे
आणि जिवंताच्या खांद्यावरून
मेलेल्याचं माप घ्यायचे.
"थोडं सैल ठेवा," ती सांगायची,
"वाढत्या अंगाचं."

हेंग सून माझ्याच वर्गात होता.
टेपखाली ताठ उभा राहायचा, श्वास रोखून,
जणू आपली छाती फुगली
तर भावाला सदरा ढगळ होईल.

भुतांचं वय वाढतं का?
मी विचारत फिरले तेव्हा.
देवळातले म्हातारे म्हणाले, श्वास थांबला की वयही थांबतं.
शेजारची चेल्लम्मा गजरा ओवता ओवता म्हणाली,
माझी थोरली बहीण अजून स्वप्नात येते,
दोन वेण्या, लाल रिबिनी.
आता मलाच अक्का म्हणते मेली.
बाबा खळ ढवळत म्हणाले,
गिऱ्हाईक सांगेल ते वय.

अठराव्या वर्षी घड्याळ. बाविसाव्या वर्षी सूट.
अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचं लग्न लागलं.
मुलगी इपोची,
चार वर्षांची असताना तापाने गेलेली,
आता सव्विसची, हाताला चव आहे म्हणे.
आम्ही तिला शिवणयंत्र दिलं, कागदाचं,
पायाने चालवायचं.

चाळिशीत हेंग सूनला पोट सुटलं.
ग्योक लान दुकानात सगळ्यांसमोर ओरडली,
"खातोस तू,
आणि कपडे त्याचे आखूड होतात!"
तो हसला. मीही हसले.
मग चष्मा आला. नंबर त्याचाच.

एका गोष्टीचा पत्ता तिला लागला नाही.
ती बाहेर रिक्षा थांबवायला गेली की
हेंग सून दरवर्षी कुजबुजायचा,
"एक सात वर्षांचाही कर.
पिवळा. गोट्यांसाठी खिसा ठेव.
समजा वाढलाच नसेल तो,
तर इतकी वर्षं उघडाच असेल ना?"
मी मोठ्या सदऱ्याच्या घडीत छोटा सदरा लपवायचे.
दोन्ही एकाच डब्यात जळायचे.
राखेचं माप कोण घेतं?

ग्योक लान या वर्षी गेली, चौऱ्याऐंशीची होऊन.
शेवटी शेवटी इतकी आटली होती
की मुलांच्या दुकानातून चपला आणाव्या लागत.

आज तो एकटा आलाय.
"आईसाठी," म्हणतो, आणि अडतो.
"केवढी धरू?" मी विचारते.
"अडतीसची," तो म्हणतो.
"त्या दिवशी होती तेवढी.
नाहीतर तो ओळखणार कसा?"
मग टक्कल खाजवत हिशोब करतो.
"पण तो तर आता माझ्याएवढा.
आई पोरापेक्षा पंधरा वर्षांनी लहान,
हे बरं दिसेल?"
रस्त्यावरून आइसक्रीमवाला घंटी वाजवत जातो.
तो जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प.
"आणि तीही आटतच राहिली असेल तर?"

याचं उत्तर बाबांकडेही नसतं.
मी निळा ताव पसरते,
सवयीने गळ्यातली टेप काढते.
माप घ्यायला समोर कोणीच नाही,
हे माझ्या लक्षात येतं
तोवर हेंग सून
भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिलेला असतो,
श्वास रोखून.